ठेवीची फळी

२ सप्टेंबर

आजपासून मी फेलो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला लोक काय वाटेल ते म्हणतात, त्यातलंच हे एक. विमा कंपनीत आयुष्य घालवून लोकांचे दावे तपासले, म्हणजे फेटाळले. मग कंपनीनं ते काम यंत्राकडे दिलं, कारण यंत्र चहा मागत नाही. मी उठलो आणि विद्यापीठात समाजकार्याच्या वर्गात जाऊन बसलो. वर्गातली पोरं मला काका म्हणतात आणि नोट्स माझ्याच उतरवतात.

फेलोशिपचा विषय ‘स्थानिक दातृत्व’. एका मंडळात काम करायचं, सुधारणा करून दाखवायच्या, आणि मंडळाला पटल्या तर तिथेच पगारी व्यवस्थापकाची जागा. विद्यापीठातल्या मॅडम म्हणाल्या, डायरी लिहा, मनातलं न गाळता लिहा, मी वाचणार नाही. ज्या बाईनं माझा पहिला निबंधही वाचला नाही, तिच्या या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मंडळ म्हणजे जुन्या छापखान्यामागची एक लांबट खोली. भिंतीवर खुंट्यांना उलटे टांगलेले वॉकर, कोपऱ्यात कुबड्यांचा भारा, घड्या घातलेल्या व्हीलचेअर, एकात एक घुसवलेली बेडपॅन. सगळ्यावर फिनेल आणि रबराचा वास. लोकांनी दान केलेल्या या वस्तू गरजूंना फुकट वापरायला द्यायच्या, गरज संपली की परत घ्यायच्या. मध्ये एक टेबल आणि टेबलामागे एक निवृत्त मेट्रन, जिनं हॉस्पिटल सोडलं पण वॉर्ड सोडला नाही.

“फेलो म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“विद्यार्थी.”

तिनं मला टकलापासून बुटापर्यंत पाहिलं. “किती वेळा नापास झालात?”

५ सप्टेंबर

इथे नोंद नावाचा प्रकारच नाही. वस्तू कुणी नेली, कुठे राहतो, कशासाठी नेली, काही लिहीत नाहीत. मी म्हणालो, “बाई, निदान नाव तरी?”

“पाय मोडलेला मला दिसतो. नाव विचारून तो लवकर जुळत नाही.”

त्याऐवजी काय, तर ठेव. नेणाऱ्यानं घरातली एक वस्तू आणून इथल्या फळीवर ठेवायची. किमती चालत नाही. मेट्रनचा नियम असा: जिच्यावाचून घर अडणार नाही, पण जिची रोज आठवण येईल, अशी वस्तू. आठवण आली की परत करायचंही ध्यानात राहतं म्हणे.

फळीवर आज हे आहे: कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, विणकामाची एकच सुई, माउथ ऑर्गन, बुद्धिबळातला काळा वजीर, अत्तराची तळाला गेलेली बाटली आणि टीव्हीचा रिमोट.

“हे दातृत्व आहे की भंगारवाल्याची हातगाडी?” मी विचारलं. “आणि रिमोटवाचून घर अडत नाही?”

“नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे. बायकोनं आपणहून आणून दिला. म्हणाली, सावकाश परत करा.”

“उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर कुणाचं काय ते कसं कळणार?”

“आपलं आपल्याला ओळखू येतं,” मेट्रन म्हणाली. “तुम्ही तेवढे पाय खाली घ्या, ती कमोडची खुर्ची आहे.”

१० सप्टेंबर

बाबांबद्दल लिहायचं राहिलं. बाबा जन्मभर शाळेत कवायतीचे मास्तर. ‘पाठ सरळ, नजर समोर’ हे त्यांनी मला अंगाईसारखं ऐकवलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात मोरीत पडले. हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, रोज बाहेर पडून चालले नाहीत तर पाय चालणं विसरतील, आणि या वयात विसरलेलं परत शिकवता येत नाही. मी वॉकरचं नाव काढलं तर म्हणाले, “चार पायांवर जनावरं चालतात, चिरंजीव.” मग खुर्चीत बसून खिडकीशी भांडत राहिले.

हल्ली मात्र सुधारणा आहे. संध्याकाळी भिंतीला हात लावत समोरच्या दारी बुद्धिबळ खेळायला जातात. समोर एक निवृत्त तिकीट तपासनीस राहतो, एकटाच. त्याला बाबा ‘घोडा’ म्हणतात, कारण तो पटावर दुसरं काही हलवत नाही आणि हसतोही खिंकाळल्यासारखा. दोघांचं तास तास चालतं. मी अडवत नाही. बसल्या जागी का होईना, माणूस गुंतलेला बरा.

१८ सप्टेंबर

आज लवकर आलो म्हणून बाबांना आणायला घोड्याकडे गेलो. दार उघडायला वेळ लागला. आत काहीतरी धातूचं खडखडलं. पट मांडलेला, डाव सुरूच झालेला नव्हता. बाबांचा चेहरा लाल, कपाळावर घाम, आणि बुटांना चक्क ओलं गवत.

“बुद्धिबळात इतका घाम?” मी विचारलं.

“तुमचे वडील फार जोरात खेळतात,” घोडा म्हणाला आणि खिंकाळला.

पटावर काळ्या वजिराच्या जागी बाटलीचं बूच होतं. म्हातारी माणसं वस्तू हरवतात, हे आमच्या खात्यात शिकलो. चोरीचे निम्मे दावे असेच असत.

घरी बायकोला सांगितलं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला काहीच विचारावंसं वाटलं नाही?”

“कशाबद्दल?”

“राहू दे. उद्या दुकानात ये. तुझा नंबर तपासते.”

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. तिला सगळ्यांच्याच डोळ्यांत दोष दिसतो.

२२ सप्टेंबर

माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट सापडत नाही. खिशावर शाईचा डाग असला म्हणून काय झालं, आरामात दोन वर्षं निघाला असता. बायकोला म्हटलं, फेकलास का? म्हणाली, “फेकला नाही. कामाला लागला.”

या घरात आता शर्टालाही नोकरी आहे.

२६ सप्टेंबर

मंडळाच्या अध्यक्षांची भेट. गृहस्थांचं फर्निचरचं मोठं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक व्हीलचेअरच्या पाठीवर त्यांच्या आईवडिलांच्या नावाची पितळी पट्टी आहे. बसणाऱ्याच्या पाठीला ती टोचते, पण उपकाराचं टोक कुठेतरी टोचायचंच.

“मेट्रनबाई देवमाणूस आहेत,” ते म्हणाले. देवमाणूस म्हटलं की समजावं, माणसाला घालवायचं ठरलेलं आहे. “पण देणगीदाराला चेहरा लागतो हो. मी खुर्ची दिली, तर खुर्चीत बसलेला माणूस मला दिसायला नको? नाव, गाव, फोटो. तुम्ही विम्यातले. तुम्हाला कळतं.”

मला कळलं. मी तिथल्या तिथे योजना सांगितली, नाव ‘ओळख अभियान’. ज्याच्याकडे मंडळाची वस्तू आहे त्यानं ती घेऊन स्वतः यायचं, नावपत्ता द्यायचा, पितळी पट्टीसकट फोटो काढायचा, आपली ठेव परत न्यायची आणि वस्तू वाटेल तितके दिवस वापरायची. निरोप्या चालणार नाही, ज्याचं त्यानंच यायचं. न येणाऱ्याची वस्तू जप्त.

अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “जानेवारीपासून व्यवस्थापकाची खुर्ची तुमची,” म्हणाले. पाठीला पट्टी नसलेली एखादी असेल तर बरं.

३ ऑक्टोबर

नोटीस छापून आली. आसपासच्या सगळ्या इमारतींच्या जिन्यांत लावली, आमच्याही. एक मंडळाच्या दारावर. मेट्रननं ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि म्हणाली, “कुणी येणार नाही.”

“का? यात लाजण्यासारखं काय आहे?”

“लाज तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. आपण आजवर देणाऱ्यांच्या बाजूला उभे आहोत.”

“बाई, तुम्ही लोकांना कमी लेखता. त्यांना सन्मानानं पुढे येऊ द्या.”

“विद्यार्थी,” ती म्हणाली, “मी तीन पिढ्यांना बेडपॅन दिलंय. सन्मान म्हणजे पडदा ओढून घेणं. तुम्ही पडदाच काढायला निघालात.”

मी हे वाक्य अहवालात ‘कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध’ या शीर्षकाखाली घातलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, “जिन्यातली ती नोटीस तुझी?”

“वाचलीत? भाषा कशी आहे?”

“कवायतीची,” बाबा म्हणाले आणि ताट अर्धं टाकून उठले. उठताना टेबल धरलं. मी हात पुढे केला तर म्हणाले, “राहू दे. फोटो निघेल.”

कौतुक करायची त्यांची पद्धत पहिल्यापासून अशीच.

१४ ऑक्टोबर

अभियान जोरात! रोज वस्तू येताहेत. कुकरच्या शिट्टीवाली आली, व्हीलचेअर ढकलत आत सोडली, शिट्टी उचलली. मी म्हटलं, “बाई, खुर्ची परत करायची गरज नाही, फक्त फोटो.”

“नको. आम्हाला आता लागत नाही.”

“पेशंट बरे झाले?”

“झाले की,” ती म्हणाली. “तुमची नोटीस वाचली आणि टुणकन उठून बसले.” शिट्टी पदरात गुंडाळून गेली.

माउथ ऑर्गनवाला तर दारातूनच कुबड्या आत सारून, भिंत धरत धरत परत गेला. फोटोग्राफर दिवसभर बेडपॅनशेजारी बसून होता. शेवटी त्यानं बेडपॅनचाच फोटो काढला.

मेट्रन आलेली वस्तू पुसते आणि खुंटीला टांगते, जोरात.

२० ऑक्टोबर

मी विद्यापीठात असताना वजीरवाला येऊन गेला असावा. वजीर नाही, आणि भिंतीवर एक जादा वॉकर आहे. मुठींना कसल्याशा चिंध्या गुंडाळल्यात. दुसऱ्याची वस्तू लोक कशी वापरतात बघा.

“कोण होता?” मी विचारलं.

“निरोप्या होता. तुमच्या नियमात बसत नाही, म्हणून नाव विचारलं नाही,” मेट्रन म्हणाली. आज तिच्या आवाजात नेहमीपेक्षा जास्त फिनेल होतं.

२४ ऑक्टोबर

बाबांचा वजीर सापडला. कपाटामागे होता म्हणे. आता पट पूर्ण आहे आणि खेळणारा नाही. घोडा दोनदा बोलवायला आला. बाबा म्हणाले, “कंटाळा आलाय. तुझ्या अडीच घरांत मला आता जागा नाही.” घोडा हसला नाही. दारात उभा राहून त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विनातिकीट सापडलोय.

म्हाताऱ्यांची भांडणं पोरांसारखी असतात. मिटतील.

२ नोव्हेंबर

वसुली पूर्ण. फळी रिकामी, भिंत भरलेली. खुंट्या कमी पडल्या म्हणून वॉकर जमिनीवर एकमेकांत अडकवून ठेवलेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. अध्यक्ष म्हणाले, “बघा, एकही वस्तू बाहेर नाही. याला म्हणतात व्यवस्थापन.”

मेट्रन म्हणाली, “खरंच. सगळं गाव धडधाकट झालं. आता बसा राखत.”

घरची नोंद: बाबा आता खुर्चीतून उठताना बायकोला हाक मारतात. “सूनबाई, जरा हात.” मी शेजारीच बसलेलो असतो. कालपासून खिडकीशी भांडणंही बंद आहे. पडदा ओढून बसतात.

९ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात तयार नाही. पण मॅडमनी गाळू नका म्हटलंय.

देणगीदारांच्या सभेसाठी फोटो हवेत आणि लाभार्थी एकही नाही. फोटोग्राफरचे पैसे तर द्यायचेच. अध्यक्षांना युक्ती सुचली. “तुम्हीच उभे राहा हो. चेहरा घ्यायचा नाही. नुसते हात आणि वॉकर. पन्नाशीचे हात आहेत, चालून जातील.”

मेट्रन टेबलामागून म्हणाली, “मी काढून देते वॉकर.” इतक्या दिवसांत तिनं मला आपणहून केलेली ही पहिली मदत. भिंतीवर इतके वॉकर, पण ती स्टुलावर चढली आणि चिंध्यांचा वॉकर काढून माझ्यापुढे ठेवला.

“हा नको, कळकट दिसतो,” मी म्हणालो.

“हाच. गरीब दिसतो,” अध्यक्ष म्हणाले.

मी मुठी धरल्या. फोटोग्राफर म्हणाला, मान खाली घाला, हातांकडे बघा, थोडं दुःख. मी हातांकडे पाहिलं. माझ्या बोटांखाली निळ्या चौकड्या होत्या. उजव्या मुठीवरच्या पट्टीवर शाईचा डाग. पट्ट्या दोऱ्यानं शिवलेल्या, टाके बारीक, माझ्या बायकोच्या हातचे. ज्याच्या तळव्यांना रबर सोसत नाही त्याच्यासाठी कुणीतरी निगुतीनं केलेलं काम.

“वा! असंच राहा. आता खरं वाटतंय,” फोटोग्राफर म्हणाला.

मी मान वर केली तेव्हा मेट्रन माझ्याकडे बघत नव्हती. बेडपॅन पुसत होती.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. म्हणालो, “तुला माहीत होतं.”

“माझ्या कात्रीनं कापलाय.”

“मला सांगायचं ना.”

“बाबांनी बजावून ठेवलं होतं. म्हणाले, त्याला कळलं तर माझा अहवाल होईल.” तिनं एक सडका देठ बाजूला टाकला. “रोज बागेला फेरी मारून यायचे रे. घोडाकाका पुढे बघायला, कुणी ओळखीचं येतंय का. तू येताना दिसलास की दोघं गल्लीतून पळायचे. पळायचे! वॉकर घेऊन. परवा मला म्हणाले, सूनबाई, डाव्या पायाला आता पाऊल कसं टाकायचं ते विचारावं लागतं.”

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, “कोण आलंय?”

“कुणी नाही,” बायको म्हणाली. “हाच.”

१० नोव्हेंबर

बाबा झोपले असताना पटावरचा काळा वजीर उचलला. खिशात टाकला. निघालो.

१० नोव्हेंबर, पुढे

हे मेट्रनबाईंच्या टेबलावर उभ्यानं लिहितोय. का, ते खाली येईल.

आत गेलो. त्या एकट्याच होत्या. मी वजीर रिकाम्या फळीवर ठेवला आणि म्हणालो, “तो वॉकर हवाय.”

“कुणाला?”

“वडिलांना.”

“त्यांनी स्वतः यायचं. नावपत्ता, फोटो. निरोप्या चालणार नाही. नियम कुणाचा?”

“माझा.”

“मग मला का विचारता? स्वतःलाच अर्ज करा आणि स्वतःच फेटाळा. सवय आहे तुम्हाला.”

मी उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. कमोडची खुर्ची सोडली तर बसायला जागाही नव्हती.

“बाई, नोटीस काढतो.”

“काढा की. बोलताय काय.”

दारावरची नोटीस मी नखांनी खरवडून काढली. खळ चांगली लावली होती, मीच सांगितलं होतं चांगली लावा म्हणून. त्या बघत होत्या. निघाल्यावर म्हणाल्या, “जिन्यांतल्याही.”

“काढतो. अध्यक्षांना काय सांगू?”

“खरं सांगा. हे काम तुम्हाला जमत नाही.”

मग त्यांनी फळीवरचा वजीर उचलून माझ्या हातात दिला. “हा घेऊन जा. म्हाताऱ्याला पटावर दिसला नाही तर त्याला लगेच कळेल कोण आलं होतं ते. आणि हा ठेव म्हणून चालणार नाही. ज्याला याची आठवण येते तो माणूस वेगळा, तुम्ही वेगळे. हा हरवला होता तेव्हा तुम्हाला कुठे चुकल्यासारखं झालं?”

“मग काय ठेवू?”

“ते मी कसं सांगू? तुमचं काय ते तुम्हाला माहीत.”

खिसे चाचपले. चष्मा, त्यावाचून घर अडतं. किल्ल्या, तेच. पेनाची आठवण येत नाही. मग काखेतली ही वही हातात आली. या वहीवाचून कुणाचंही काही अडत नाही. आणि गेले दोन महिने रोज रात्री सगळ्यांना हिच्यात झोडपल्याशिवाय मला झोप आलेली नाही.

मी वही पुढे केली. त्यांनी पानं न उघडता वजन बघितलं. “यात काय आहे?”

“तुम्ही आहात. बरंचसं तुमचंच आहे. चांगलं नाही.”

“मी वाचणार नाही. मला कामं आहेत.”

मॅडमही हेच म्हणाल्या होत्या. या बाईंचं खरं असावं.

ठरलं ते असं. संध्याकाळी घोडा येऊन वॉकर नेईल. बाई त्याला सांगतील की कुणीतरी तुमच्या दोस्तासाठी ठेव ठेवून गेलंय, आणि कोण ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. नोटीस निघाली हे बाबांना जिन्यात दिसेलच. मी काहीही पाहिलेलं नाही. मी उद्यापासून रोज उशिरा घरी जायचं, बागेच्या बाजूनं नाही, लांबच्या रस्त्यानं. बुटांच्या गवताबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

“आणि खोकत या,” बाई म्हणाल्या. “जिना चढताना मोठ्यानं खोकायचं. त्यांना डाव मांडायला वेळ मिळतो.”

“मला वही परत कधी मिळणार?”

“वॉकर परत येईल तेव्हा.”

म्हणजे मला वही परत मिळू नये अशी इच्छा करायची. की मिळावी अशी? डॉक्टरांना विचारायला हवं. लिहून ठेवायलाही आता कुठे नाही.

एवढं शेवटचं लिहू द्या म्हटलं, तर म्हणाल्या, “छोटं लिहा. आणि कोपर काढा, टेबल पुसायचंय.”